पाण्याकाठचे दोन खोल्यांचे घर

(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानावरून)



आपल्यापैकी काहींची मुले आज नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपल्या शालेय भूगोलातील हॉलंडात, नोकरीस आहेत. भाड्यात पैसा घालवण्यापेक्षा ॲमस्टरडॅमच्या जुन्या भागात, कालव्याच्या काठी, लहानसे घर घ्यावे असे त्यांच्या मनात येते; आणि मग इकडे भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मांडला जातो. त्या पैशाने नेमके काय विकत घेतले जाते, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

त्या शहराने १६१३ पासून आपल्याभोवती कालव्यांची वलये खणली. मुख्य कालव्यांवर धनिक व्यापाऱ्यांनी घरे बांधली. सर्वांत बाहेरच्या प्रिन्सेनख्राख्त या कालव्यापलीकडे, पश्चिमेस, कारागीर आणि मजूर राहिले. तो भाग यॉर्डान. तेथील गल्ल्या जुन्या शेतांच्या चरांवरून गेल्यामुळे आजही तिरक्या आहेत. ‘ख्राख्त’ म्हणजे कालवा. परंतु रोझेनख्राख्त आणि लिंडेनख्राख्त हे कालवे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुजवले गेले व नावे तेवढी उरली. तळे गेले तरी मुंबईचा धोबीतलाव धोबीतलावच राहिला, त्यातलाच हा प्रकार. एका खोलीत एक कुटुंब अशी ही दाटीची, गरिबांची वस्ती. १९६० नंतरच्या काळात नगरपालिकेने तिचा मोठा भाग पाडण्याचे घाटले होते. रहिवाशांनी आणि जुन्या वास्तूंच्या चाहत्यांनी विरोध केला म्हणून गल्ल्या वाचल्या. आज त्याच खोल्यांसाठी सुशिक्षित नोकरदार चढाओढीने बोली लावतात. काळाची गंमत, दुसरे काय!

आता मुद्द्याकडे वळू. चाळीस चौरस मीटरचे घर घेतले, म्हणजे त्या चार भिंती आपल्या झाल्या असे आपण समजतो. डच कायद्याची दृष्टी निराळी आहे. विकत मिळतो तो सबंध इमारतीतला एक हिस्सा, आणि त्या हिश्शासोबत विशिष्ट खोल्या एकट्याने वापरण्याचा हक्क. आपल्या गृहनिर्माण संस्थेत इमारत संस्थेच्या मालकीची आणि आपण तिचे भागधारक. तेथे सारे हिस्सेदार मिळून मालक. तिसऱ्या मजल्यावर राहणाराही छपराचा, जिन्याचा आणि पायाचा भागीदार असतो.

पाया हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. ॲमस्टरडॅमची जमीन दलदलीची. जुनी घरे उभी आहेत ती सुमारे बारा मीटर खाली, वाळूच्या थरापर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर. लाकूड पाण्यात बुडालेले असले की शतकानुशतके टिकते. भूजलाची पातळी खाली गेली आणि खांबांच्या डोक्यांना हवा लागली की ते कुजू लागतात. मग घर खचते, दारे अडकतात, भिंतींना तिरक्या भेगा पडतात. नवा पाया घालावयाचा तर तळमजला उकरावा लागतो आणि तो मोठा खर्च सर्व मालकांवर आपापल्या हिश्शाप्रमाणे येतो. घराबाहेरच्या कालव्याचे काठही असेच जुने आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्गवाल येथे काठाची भिंत पाण्यात कोसळली. भिंतींचा ताजा रंग पाहून हे काही कळत नाही. पाया तपासल्याचा अहवाल आहे काय, तो किती जुना आहे, हे विचारावेच लागते.

त्याच्या जोडीला मालकसंघाचे दप्तर पाहावे. दुरुस्तीसाठी संघाने दरवर्षी पुरेशी रक्कम बाजूला टाकली पाहिजे, असे बंधन २०१८ पासून आहे: दुरुस्तीचा आराखडा असल्यास त्याप्रमाणे, नसल्यास इमारत नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या किमान अर्धा टक्का. परंतु तीन-चार मालकांच्या इमारतीत सभाच भरत नाही, खात्यात पैसा नसतो, असेही आढळते. अशा संघाला डच लोक ‘झोपलेला’ संघ म्हणतात. मासिक वर्गणी अगदी कमी दिसली की आपली मुले खूष होतात. आम्हांला नेमकी तेथेच शंका येते.

पैशाविषयी थोडेच सांगतो. बँक घराच्या मूल्यांकनाइतके कर्ज देऊ शकते, त्यापुढे सहसा नाही. राहण्यासाठी घेणाऱ्यास साधारणतः दोन टक्के हस्तांतरण कर, नोटरीचे शुल्क आणि बोली मूल्यांकनाच्या वर गेल्यास तो फरक, हे पदरचे घालावे लागते. इकडून पाठवलेले पैसे बहुधा यातच जातात. लेखी करार हाती आल्यावर विचार बदलण्यास तीन दिवस मिळतात. कर्ज न मिळाल्यास किंवा पाहणीत मोठा दोष निघाल्यास करार मोडता येईल, अशी कलमेही घालता येतात. पण चढाओढीत आपली बोली आकर्षक दिसावी म्हणून तरुण मंडळी ती सोडून देतात. आयुष्याची पुंजी पाठवणाऱ्या आईवडिलांनी त्या कलमांचा आग्रह धरणे गैर नाही. त्यापायी एखादे घर हातचे गेले तर जाऊ द्यावे.

शेवटी जिन्याविषयी. ही घरे अरुंद, आणि जिने जवळजवळ शिडीसारखे. पाऊल आडवे ठेवून चढावे लागते. म्हणून तर घरांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि आकडा असतो; त्याला दोर लावून कपाटे, पलंग खिडकीतून आत घेतात. सत्तरीतल्या आजोबांची तशी सोय नाही. तळमजला घेतला तर ओल आणि अंधार. दोन-तीन महिने नातवंडांत राहावयास जाण्याचा आपला बेत असेल, तर मुले घर पाहावयास जातील तेव्हा पायरीची रुंदी मोजून कळवावयास सांगावे, आणि कठड्याला धरावयास जागा आहे किंवा नाही तेही.