हिरव्या दिव्याचं काय घेऊन बसलात!



पेरणी उरकली की ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहतो, तो थेट रब्बीच्या मशागतीलाच आठवतो. किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. मग बॅटरी काढायची, तालुक्याला चार्जिंगला टाकायची, संध्याकाळी हिरवा दिवा लागला म्हणून हसतमुखाने घरी आणायची, आणि तिसऱ्या दिवशी चार पोरं गोळा करून ट्रॅक्टर ढकलायचा. वर दुकानात येऊन मलाच ऐकवायचं, “अहो, दिवा तर हिरवा झाला होता!”

मला इथं रेडिओवर मोजकी मिनिटं दिली आहेत. बाकी काही राहिलं तरी चालेल, पण एवढं ध्यानात घ्या: हिरवा दिवा लागला म्हणजे चार्जरचं काम संपलं. बॅटरी धडधाकट आहे की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही.

दारातला रांजण डोळ्यांपुढे आणा. पाणी काठाला आलं की आपण म्हणतो, भरला. पण तळाशी कमरेएवढा गाळ साचला असेल तर? दोन बादल्या ओतल्या की पाणी काठाला येतं, आणि चार तांबे उपसले की संपतं. बघणाऱ्याला मात्र रांजण भरलेलाच दिसतो. बॅटरी उतरलेली ठेवून आठवडेच्या आठवडे पडू दिली की प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर धरतो आणि कडक होतो. तोच हा गाळ. व्होल्टेज म्हणजे पाण्याची पातळी. चार्जर ती पातळी बघतो आणि हिरवा होतो. आत पाणी किती मावलं, ते तुम्ही बघायचं.

कसं बघायचं? साधा हिशेब आहे. बॅटरी ८० एएचची, चार्जर ८ ॲम्पिअरवर. पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दहा-बारा तास लागायलाच हवेत. तुमचा दिवा पाऊण तासात हिरवा झाला. म्हणजे आत गेलं जास्तीत जास्त ६ एएच. मग उरलेल्या ७४ ची जागा कुठं गेली? चार्जरवर काटा असेल तर आणखी स्पष्ट दिसतं. बॅटरी लावली की काटा टुणकन वर जातो आणि लगेच पेंगुळल्यासारखा शून्याकडे झुकतो. लोक खूश होतात, ‘लवकर भरली!’ लवकर भरली नाही बाबांनो, लवकर तुंबली.

आता कुणी म्हणेल, बॅटरी आधीच भरलेली असेल तर? रास्त शंका आहे. म्हणून चार्जिंगला लावण्याआधी मल्टिमीटर लावायचा, आणि आकडा खडूने बॅटरीवरच लिहायचा. हे एवढंसं काम कुणी करत नाही. आधीच १२.६ होते आणि तरी सेल्फ उचलत नव्हता, तर दोष बॅटरीतच असेल असं नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल, क्लॅम्प ढिला असेल, नाहीतर अर्थची पट्टी गंजली असेल. मल्टिमीटरची एक पिन शिशाच्या खांबावर, दुसरी त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर खाण्याचा सोडा टाकलेलं गरम पाणी, तारेचा ब्रश आणि पाना, एवढ्यात काम होतं. त्यासाठी नवी बॅटरी घेतलेली माणसं मला माहीत आहेत, आणि ती अडाणी नव्हेत.

याच्या उलटाही प्रकार असतो. रात्रभर लावली तरी काटा खाली यायचं नावच घेत नाही. रांजणाला तडा गेलाय, ओता किती ओतायचं ते. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकाचे दोन व्होल्ट आणि वर थोडे. त्यातला एक आतल्या आत शॉर्ट झाला की चार्जर उरलेल्या पाचांनाच उकळत बसतो. बॅटरी हाताला गरम लागते, आणि काढून ठेवली की सकाळी साडेदहा व्होल्टच्या आसपास दाखवते. साडेदहा दिसले की समजायचं, सेल गेला. अशी बॅटरी चार्जरवर ठेवून झोपू नका, धोका आहे.

माझ्या टेबलावर एक बॅटरी आली होती, अर्थात हिरवा दिवा लागून. झाकणं उघडून आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घातला. पहिला सेल बाराशे पन्नास, दुसराही तेवढाच, तिसऱ्यात तरंगणारी नळी बुडाली ती अकराशे तीसवर. बाकीचे तीन पुन्हा ठीक. एका सेलने पाच जणांना गोत्यात आणलं. चार्जरला यातलं काही दिसलं नव्हतं.

आणि ते मेंटेनन्स-फ्री बॅटरीच्या डोक्यावरचं हिरवं भिंग! तेही सहांपैकी एकाच सेलमध्ये बसवलेलं असतं. शेजारच्या पाचांची खबर त्याला नसते. तर दिवाही हिरवा, भिंगही हिरवं.

मग खरी परीक्षा कोणती? चार्जरवरून काढल्याबरोबर मीटर लावू नका, तेव्हा तो तेराच्या वर दाखवणारच. रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ असेल तर अर्धीच. पण एवढ्यावर थांबू नका, कारण मीटर रांजणातलं पाणी उपसत नाही, नुसतं डोकावतो. उपसतो तो सेल्फ. गाडी न्यूट्रलला ठेवा, एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मीटर बघावा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर दिवा कितीही हिरवा झालेला असो, ती बॅटरी तुम्हाला शेतात उभं करणार.

आणखी एक, उन्हाळ्याचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात बॅटरी आतून झिजते आणि तक्रार येते थंडीत, त्यामुळे लोक दोष थंडीला... असो, काचेपलीकडून वेळ संपल्याचं बोट वर झालंय. डायनामोचं तर राहूनच गेलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवेत, येत नसतील तर आधी बेल्ट बघा. बाकीचं पुन्हा बोलावलं तर.

बॅटरी काढताना अर्थची वायर आधी सोडा, लावताना ती शेवटी लावा. आणि चार्जिंग चालू असलेल्या खोलीत खिडकी उघडी ठेवा, विडी-काडी बाहेर. तिथं हायड्रोजन सुटतो.