गाडी बंद पडणार नाही, पण तुम्हाला वाचवेल का?

मागे सेकंड हँड फोन आणि लॅपटॉपवर बोललो होतो, त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीचे आले: "दादा, गाडीचं सांग ना. बजेट अडीच-तीन लाख." तर आज गाडी. मी मेकॅनिक नाही हे आधीच सांगतो. मी कॉम्प्युटरचा बीटेक, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचणारा माणूस. पण गेल्या वर्षी ताईसाठी गाडी शोधताना चार महिन्यांत अकरा गाड्या पाहिल्या, त्यातल्या तीन आज सांगतो.

आधी परिस्थिती ऐका. ताई कराडला राहते, नोकरी कासेगावच्या बाजूला. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, आणि तेही पुणे-बेंगळुरू हायवेवर, स्कूटरवरून. सहापदरीचं काम चालू, जागोजागी डायव्हर्जन, शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि कंटेनर. पावसाळ्यात एकदा ती घसरली. हातावर निभावलं. पण त्या दिवशी चार वर्षांची भाची मागे बसलेली असती तर, हा विचार घरात कोणी बोलून दाखवला नाही, तरी सगळ्यांनी केला. ताईची आणि माझी मिळून पावणेतीन लाखांची तयारी होती. ओढून ताणून तीन.

बाबांनी आठवड्याभरात गाडी शोधली पण. ओळखीतल्या निवृत्त शिक्षकांची २०१३ ची आल्टो ८००. सिंगल हँड, ४१ हजार किलोमीटर, सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच. किंमत १ लाख ८० हजार. सगळी सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली, तीही तारखेनुसार! मी सकाळी सात वाजता, इंजिन गार असताना गेलो. आधी बॉनेटला हात लावला. बॉनेट गरम असेल तर समजायचं की तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलीय. इथे थंड होतं. अर्ध्या चावीत सुरू झाली. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून पाहिलं, लोण्यासारखा पांढुरका थर नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळत नाहीये. क्लच छान, गिअर लोण्यासारखे. खरं सांगतो, मला एक दोष सापडला नाही.

फक्त एअरबॅग नव्हती आणि एबीएस नव्हतं.

बाबा म्हणाले, "अरे, आम्ही आयुष्यभर एअरबॅगशिवायच फिरलो. गाडी रस्त्यात बंद पडायला नको, बायकामाणसाला हायवेवर थांबावं लागायला नको, हे महत्त्वाचं." बाबांचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही. बंद पडलेली गाडी घेऊन रात्री हायवेच्या कडेला उभं राहणं हासुद्धा धोकाच आहे. पण मंडळी, इथे दोन वेगळे प्रश्न आपण एकात घालतो. गाडी रोज चालेल का, हा एक प्रश्न. आणि ज्या दिवशी ठोकर बसेल त्या दिवशी आतला माणूस वाचेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर महिन्याभरात कळतं. दुसऱ्याचं कळायची वेळ येऊ नये असंच आपल्याला वाटतं, म्हणून तो प्रश्न आपण विचारतच नाही.

२०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या चाचण्या जाहीर केल्या. आल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. सगळ्या बिनाएअरबॅगच्या, ताशी ६४ किलोमीटर वेगाने, समोरून अर्ध्याहून कमी भाग आदळेल अशा. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेत शून्य स्टार. बातमी एवढीच लोकांच्या लक्षात राहिली. पण खरी गोष्ट पुढे आहे. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला होता. बाकी तिघींचा सांगाडा कमी-जास्त ढासळला, इतका की नुसती एअरबॅग बसवून फार उपयोग झाला नसता, असं संस्थेचं म्हणणं होतं. आणि पोलोचीच दोन एअरबॅगवाली गाडी आदळली तेव्हा तिला ४ स्टार मिळाले. तीच बॉडी, तेच नाव. शून्य आणि चार.

म्हणजे जुनी गाडी बघताना "अमुक मॉडेल सेफ आहे का" हा प्रश्न अर्धवट आहे. कोणतं व्हेरियंट, कोणत्या वर्षीचं, हे विचारा. आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या सीटची सरसकट सक्ती व्हायला २०२२ उजाडलं. त्याआधीच्या गाडीत काय आहे ते पहिल्या मालकाने शोरूममध्ये तेव्हा किती पैसे मोजले त्यावर ठरलेलं आहे. बेस मॉडेलला काही नाही, टॉपला सगळं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि ऑनलाइन जाहिरातीत सरसकट "फुल्ली लोडेड" लिहिलेलं असतं.

मग मी ठरवलं, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलीच बघायची. इथून माझी खरी फसगत सुरू झाली.

पुण्यातल्या एका डीलरकडे २०१५ ची गाडी मिळाली. डीलरचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही. टॉप व्हेरियंट, पांढरी, चकाचक, २ लाख ६० हजार. स्टिअरिंगवर एसआरएस एअरबॅग अशी अक्षरं, डॅशबोर्डवरही तीच. ताईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तिला आवडली. मी विसार म्हणून दहा हजार द्यायला फोन काढला होता. सोबत आणलेला मेस्त्री, मूळचा साताऱ्याकडचा, नऱ्ह्यात गॅरेज आहे त्याचं, तो म्हणाला, "भाऊ, थांबा जरा. चावी परत फिरवा. नुसती ऑन करा, इंजिन चालू नको."

मीटरवर सगळे दिवे लागले. हे तुम्ही पण लक्ष देऊन बघा. चावी ऑन केली की एअरबॅगचा दिवा लागतो, गाडी स्वतःची यंत्रणा तपासते, आणि सगळं ठीक असेल तर काही सेकंदांत दिवा आपोआप विझतो, इंजिन चालू करा नाहीतर करू नका. या गाडीत दिवा लागला, पण विझेना. दहा सेकंद, वीस सेकंद. मग मेस्त्रीने इंजिन चालू केलं. बॅटरीचा दिवा विझला, आणि त्याच क्षणी एअरबॅगचाही. त्याने तीनदा करून दाखवलं. दोन्ही दिवे जुळ्या भावंडांसारखे सोबत लागायचे, सोबत विझायचे.

मला चटकन कळलं नाही. तो म्हणाला, "ह्यो लाइट खोटा हाय. बॅटरीच्या लाइटला जोडलाय." आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. आमच्याकडे सर्व्हर जिवंत आहे का हे बघायला हेल्थ चेक असतं. एखादा आळशी माणूस काय करतो? आत काही न तपासता थेट "ओके" पाठवणारा कोड लिहितो. डॅशबोर्ड हिरवा, सर्व्हर मेलेला. हुबेहूब तेच इथे केलेलं होतं. एअरबॅग यंत्रणेत बिघाड असल्यावर दिवा सतत जळत राहतो, मग गिऱ्हाईक विचारतं. म्हणून दिवाच दुसऱ्या वायरवर टाकायचा. काही जण बल्बच काढून टाकतात, तेव्हा चावी ऑन केल्यावर तो दिवा लागतच नाही. तेही तितकंच वाईट.

मग मेस्त्रीने सीट बेल्ट बघितले. ड्रायव्हरचं बकल शेजारच्या बकलपेक्षा बोटभर खाली होतं. बऱ्याच गाड्यांत ठोकर बसली की एअरबॅगसोबत बेल्ट आवळणारी यंत्रणाही उडते, आणि ती एकदा उडाली की बकल खाली ओढलेलंच राहतं. म्हणजे या गाडीच्या एअरबॅग कधीतरी उडून गेल्या होत्या, वरची कव्हरं तेवढी नवी बसवली होती. बॉनेट उघडून आतल्या बाजूचा, त्यांच्या भाषेत एप्रनचा पत्रा बघितला, तर एका बाजूचे कंपनीचे वेल्डचे गोल ठसे सारख्या अंतरावर, दुसऱ्या बाजूला पुट्टी आणि रंग. डीलरला विचारलं तर म्हणे, "साहेब, बल्बचा प्रॉब्लेम असेल, करून देतो." मी फोन खिशात घातला.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. आल्टोमध्ये एअरबॅग नाही हे निदान आम्हाला माहीत तरी होतं. या गाडीत ताई निर्धास्त बसली असती.

आता माझ्या प्रांतातलं थोडं. साधारण २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं. हजार रुपयांच्या आत ब्लूटूथ स्कॅनर मिळतो, फोनवर अ‍ॅप टाका, झालं. पण "एरर कोड नाहीत" एवढं वाचून खूश होऊ नका. विकणारा आदल्या रात्री सगळे कोड पुसू शकतो, आपण लॉग डिलीट करतो तसंच. त्याचा मागमूस मात्र राहतो. बऱ्याच गाड्यांत "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हा आकडा मिळतो. तो १२ किलोमीटर आला, की समजा. शिवाय रेडिनेस मॉनिटर नावाचा भाग "अपूर्ण" दाखवेल, कारण पुसल्यावर गाडीला स्वतःच्या तपासण्या पूर्ण करायला बरंच फिरावं लागतं. आणि हो, हा स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचं वाचतो. एअरबॅग आणि एबीएससाठी गॅरेजमधला मोठा स्कॅनर लागतो. त्याचे पाचशे-हजार रुपये वाचवू नका.

आमच्या भागात अजून एक भीती, पुराची गाडी. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण-महाड, तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठे ना कुठे विकल्या गेल्याच असणार. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाचा डाग दिसतो का बघा. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती बघा. परफ्यूम जास्त मारला असेल तर कार्पेट उचलाच.

एअरबॅग आहे, खरी आहे, तरी जुनी असेल तर एक तपासणी बाकी राहते. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या, भारतातही होंडाच्या जुन्या सिटी, जॅझ वगैरे त्यात होत्या. कोकण-गोव्यातली जुनी गाडी घेत असाल तर दमट हवेमुळे हे आधी बघा. चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की त्या गाडीचं रिकॉल बाकी आहे का कळतं, आणि असेल तर काम फुकट होतं.

शेवटी घेतली ती २०१५ ची टोयोटा इटिऑस लिव्हा, दोन एअरबॅग आणि एबीएसवाली. ८८ हजार पळालेली. रंग उडालेला, मागच्या दाराला ओरखडा, एसी जेमतेम, क्लच संपत आलेला. पण एअरबॅगचा दिवा लागला आणि इंजिन बंद असतानाच विझला. बकलं एका उंचीवर. वेल्डचे ठसे दोन्ही बाजूंना सारखे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० वर कचकन ब्रेक मारला तर पेडल पायाखाली थरथरलं, म्हणजे एबीएस जिवंत. इटिऑसला २०१६ च्या चाचणीत दोन एअरबॅगसह मोठ्यांसाठी ४ स्टार होते, मुलांसाठी फक्त २. आणि ते ४ म्हणजे आजचे ४ नव्हेत, बरं का. २०२२ नंतर चाचणी कडक झाली, बाजूने धडकही त्यात आली. तरीही आमच्या पैशात याहून बरं काही दिसलं नाही.

२ लाख ६५ हजारांना ठरली. क्लच बदलला. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आमचे होते २३१६. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर कडक झालेलं, बारीक भेगा. चारही टायर बदलले. ब्रेक ऑइल काळं पडलेलं, तेही बदललं. भाचीसाठी चाइल्ड सीट घेतली. एकूण तीन लाखांच्या वर गेलो, आणि वरचे मी घातले.

कागदांचं पटकन सांगतो. परिवहनच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, विमा, चलन बघा. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, फोटोवर विश्वास नको. पंधरा वर्षं जवळ आली असतील तर पुन्हा नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर यांचा खर्च किमतीत धरा. विमा आपल्या नावावर करून घ्या, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. पण पॉलिसीवरचा तो टक्का वाचा. ५० टक्के असेल तर निदान पाच वर्षं क्लेम झालेला नाही. २० किंवा शून्य असेल तर का, ते विचारा.

ती आल्टो बाबांच्या एका मित्राने घेतली. गावातून मळ्यात आणि मळ्यातून गावात, तीस-चाळीसच्या वर कधी जात नाही. आठ महिन्यांत एकदाही बंद पडली नाही. आमच्या लिव्हाचा मात्र एसी मे महिन्यात गेला, नऊ हजार लागले. मी कराडला गेलो की बाबा ती आल्टो समोरून जाताना दाखवतात आणि म्हणतात, "बघ, एक लाख ऐंशी." ताई काही बोलत नाही. गाडीत बसते, भाचीचा बेल्ट लावते, चावी ऑन करते आणि मीटरकडे बघत दोन-चार सेकंद थांबते.