ठेकेदार म्हणविलेले नोकर

अमेरिकेतील फेडेक्स ग्राउंड कंपनीने कॅलिफोर्नियातील आपल्या पार्सलवाहक चालकांना नोकर न मानता स्वतंत्र ठेकेदार मानले, आणि गाडी, इंधन, दुरुस्ती, विमा, इतकेच नव्हे तर अंगावरील गणवेशाचाही खर्च त्यांच्याच माथी मारला. गणवेशाचा रंग, गाडीतील फळ्यांची मापे आणि दाढी-केसांची टापटीप मात्र कंपनीच ठरवीत असे. ज्याच्यावर इतकी हुकमत चालते, तो ठेकेदार कसला? २०१४ साली अपील न्यायालयाने हे चालक नोकरच होत असा निवाडा दिला आणि पुढील वर्षी कंपनीस २२ कोटी ८० लाख डॉलरांची तडजोड मान्य करावी लागली. ठेक्याच्या त्या काळात बिघडलेल्या गाडीच्या दुरुस्तीची रक्कम चालक आपल्याच कमाईतून भरीत आला होता.