प्रतिमा सत्याची, प्रतिष्ठा श्रमाची



चंद्रपूर आणि गडचिरोली ही नावे उच्चारताच मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबापुढे कोणती चित्रे उभी राहतात? ताडोब्याचा वाघ, कोळशाची खाण आणि भूसुरुंगाने उखडलेला रस्ता. ही चित्रे खोटी नाहीत. पण ती अपुरी आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून बाहेरच्या कॅमेऱ्यांनी या भूमीची असंख्य छायाचित्रे टिपली. त्यांत कोसा विणणारा विणकर, सूप वळणारा बुरुड, पहाटे मोहफुले वेचणारी वनवासी माता क्वचितच दिसली. दिसली तीही दारिद्र्याचे प्रतीक म्हणून. उत्पादक म्हणून नव्हे. ज्या समाजाची प्रतिमा इतरांच्या हाती असते, त्याच्या मालाचा भावही इतरच ठरवतात. लहान उद्योगाच्या छायाचित्राचा प्रश्न हा म्हणूनच केवळ जाहिरातीचा नाही, तो स्वाभिमानाचा आणि पोटाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता. उत्तम माल असूनही त्याला गिऱ्हाईक मिळेना. केवळ वस्तू चांगली असून भागत नाही, ती लोकांपर्यंत विश्वासाने पोहोचवावी लागते, हा धडा किर्लोस्करवाडीने घेतला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली, ती कारखान्याची आणि त्याच्या मालाची वार्ता ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी. स्वदेशी म्हणजे परकीय मालावर केवळ बहिष्कार नव्हे. स्वदेशी माल समर्थपणे लोकांपुढे मांडणे हेही स्वदेशीचेच व्रत आहे.

नागभीड-आरमोरी परिसरातील करवतकाठी साडीचे उदाहरण घ्यावे. काठावरच्या करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीवरून तिला हे नाव पडले. तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. ऐन आणि अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या कोशांतून निघालेल्या टसर धाग्याला मधासारखी नैसर्गिक झळाळी असते. ट्यूबलाइटखाली घाईने काढलेल्या छायाचित्रात ती झळाळी मरते आणि साडी मळकट पिवळी दिसते. तीच साडी सकाळी खिडकीतून तिरप्या येणाऱ्या उजेडात धरली, तर धाग्याची खरखर आणि काठाचा प्रत्येक दाता स्पष्ट उठून येतो. छायाचित्रातला रंग आणि हातातला रंग जुळला नाही, तर ग्राहक साडी परत पाठवतो आणि तोटा विणकराच्या माथी येतो. छायाचित्रकाराने मागावर जाऊन चित्र टिपणे ही चैन नव्हे. ती व्यवसायाची गरज आहे.

बांबूच्या वस्तूंची गोष्टही अशीच आहे. पांढऱ्या पडद्यापुढे ठेवलेली टोपली कुठलीही असू शकते. पण कामट्या सोलणारा हात, शेजारी पडलेला विळा, अर्धी विणलेली परडी एकाच चौकटीत आली की वस्तूचा आकार कळतो, श्रम कळतात आणि किमतीचे कारणही कळते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या जंगलातील बांबू आपणच विकण्याचा मार्ग मोकळा झाला. जंगल राखणाऱ्या गावाचा माल कोठून आला, हे चित्रातून दिसले तर तो केवळ माल राहत नाही. त्यामागे गाव उभे असते.

मात्र येथे एक मर्यादा पाळावी लागते. ग्राहकाला ‘अस्सल’ वाटावे म्हणून रोज साधा सदरा घालणाऱ्या वनवासी बांधवाला पिसांचा मुकुट चढवून उभे करणे हा त्याचा अपमान आहे. त्याच्या देवस्थानाला चित्राची शोभा म्हणून वापरणे हाही अपमानच. गावात कॅमेरा नेण्यापूर्वी ग्रामसभेला आणि जंगलात नेण्यापूर्वी वनविभागाला विचारावे, हा शिष्टाचार आहे. ताडोब्याच्या वेशीवरील निवासव्यवस्थांनाही हेच लागू पडते. माहितीजालावरून उचललेला वाघ फलकावर छापला, की पाहुणा वाघाचाच हिशेब मागतो. वाघ न दिसल्यास रुसून जातो. आपले अंगण, आपली चूल, आपली स्वच्छ खोली दाखविली, तर जे दाखविले ते त्याला नक्की मिळते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंड आहेच. पण त्याहून मोठा दंड म्हणजे गेलेला विश्वास.

व्यवहारातील एक बाबही कारागिरांना ठाऊक असावी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, मोबदला देणाऱ्याचा असतो. फुकट काढलेले चित्र फुकट पडत नाही. त्यावरचा हक्क काढणाऱ्याकडे राहतो. म्हणून थोडे का होईना, मूल्य द्यावे आणि दोन ओळींचा करार करावा. त्यातच विणकर आणि छायाचित्रकार या दोघांचाही मान आहे.

आणि हा छायाचित्रकार बाहेरून आणण्याची गरज नाही. नाट्यहंगामात देसाईगंजला नाटकमंडळ्यांची कार्यालये गजबजतात. झाडीपट्टी रंगभूमीच्या फलकांवर झळकणारे कलावंतांचे चेहरे कोणीतरी टिपतच असते. तालुक्याच्या गावी लग्नांची छायाचित्रे काढणारे तरुण आहेत. चातुर्मासात लग्ने नसतात आणि त्यांचा कॅमेरा कपाटात पडून राहतो. नेमक्या त्याच महिन्यांत विणकर दिवाळीच्या विक्रीची तयारी करीत असतो. एकाला काम हवे आहे, दुसऱ्याला चित्र हवे आहे. दोघे एकाच गावात राहतात. दोघांची गाठ घालून देणारा तिसरा तेवढा हवा.

तो तिसरा म्हणजे कार्यकर्ता. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. त्यांच्या अंत्योदयाच्या विचाराने रांगेतील शेवटच्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी दिली. शेवटच्या माणसाकडे पाहणे म्हणजे त्याची कीव करणे नव्हे. तो काय घडवितो ते पाहणे होय. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत टोपल्या आणि चटया विणणारे कारागीरही समाविष्ट आहेत. योजना अवजारे देईल, कर्ज देईल; कारागिराचे खरे रूप समाजापुढे नेण्याचे काम समाजानेच करावयाचे आहे. येत्या विश्वकर्मा जयंतीला प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील एक कारागीर आणि एक स्थानिक छायाचित्रकार एकत्र आणावा. आणि शहरातील कुटुंबांनी ते चित्र पाहून नुसते कौतुक करू नये. भावात घासाघीस न करता एक सूप, एक साडी विकत घ्यावी.