गाडी ऑइल खातेय, पण जातंय कुठे?

आज जुन्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न. खाली थेंब दिसत नाही, तरी डिपस्टिकवर ऑइल कमी. गॅरेजवाला म्हणतो, ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल.’ थांबा. आधी मोजा.

सपाट जागा, सकाळचं थंड इंजिन. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा. 500 किलोमीटरनंतर तिथेच पुन्हा बघा. मुळशीच्या पावसात गळतीचे डाग धुऊन जातात, म्हणून गाडी छपराखाली लावा आणि खाली पुठ्ठा ठेवा.

पुठ्ठा कोरडा? मग ऑइल बहुतेक आत जळतंय. इथे आपला ताम्हिणी घाट कामाला येतो. माणगावकडे गियरमध्येच, ॲक्सिलरेटर सोडून उतरा. उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर आला, तर संशय वॉल्व्ह सीलवर. परतीच्या चढावर सतत निळा धूर, तर रिंगांवर. धूर बघायचं काम मागच्या गाडीतल्या मित्राचं.

इंजिन खोलण्याआधी दोन गोष्टी. पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासा. तो तुंबला तरी ऑइल जळतं, आणि तो स्वस्तात बदलतो. मग कॉम्प्रेशन टेस्ट. आकडा कमी आला आणि सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकल्यावर वाढला, तर रिंगाच. आधीपासूनच चांगला असेल, तर कदाचित सीलवर भागेल.

आणि लाल दिव्याची वाट बघू नका. तो पातळी नाही, प्रेशर सांगतो. घाटात पेटला, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा.

चला, उद्या सकाळी डिपस्टिक काढा. भेटूच!