नदीला पाणी चढते तेव्हा होडी लोटताना

(मंदिर जीर्णोद्धारानिमित्त शिवाजी पार्क, दादर येथे भरलेल्या मुंबईकर ग्रामस्थांच्या मेळाव्यातील व्याख्यान)

॥ श्री ग्रामदेवता प्रसन्न ॥



श्रींच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने मंदिराचा जीर्णोद्धार तडीस गेला, ही आनंदाची गोष्ट आहे. अशा प्रसंगी कळस, सभामंडप, दीपमाळ यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आजचा विषय मात्र थोडा वेगळा, म्हणजे होडीचा आहे. देवळाच्या समारंभात होडी कशाला, असे कुणाच्याही मनात येईल. पण नदीकाठच्या गावात देऊळ आणि होडी यांचे नाते फार जुने आहे. पावसाळ्यात तिथे पुराचे माप देवळाच्या पायऱ्यांवरच मोजले जाते. "पाणी कितव्या पायरीला लागले?" एवढा एक प्रश्न विचारला की घाटावरच्या माणसाला सारे समजते. पायरी बुडाली की बायका खण-नारळाने नदीची ओटी भरतात, आणि पुरुषांची नजर काठावर बांधलेल्या होडीकडे जाते.

ज्या मैदानाजवळ हा मेळावा भरला आहे, तेथून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. १९२५ साली 'माहीम पार्क' म्हणून खुले झालेल्या या मैदानाला १९२७ साली शिवछत्रपतींच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने शिवाजी पार्क हे नाव मिळाले. ज्या राजाने कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराची पहिली गलबते बांधून घेतली, त्याचे नाव समुद्राकाठच्या मैदानाला शोभूनच दिसते. येथून उत्तरेकडे पाहिले की माहीमचा उपसागर दिसतो, आणि त्याच्या टोकाला कोळीवाडा. तिथेच मिठी नदी खाडीवाटे समुद्राला मिळते. विहार तलावाचा सांडवा आणि पवईचे पाणी घेऊन निघालेली ही नदी साकीनाका, कुर्ला, कलिना आणि धारावी ओलांडून जेमतेम १८ किलोमीटरांत आपली वाट संपवते. उन्हाळ्यात तिला नदी म्हणावे की नाला, असा प्रश्न पडतो. आषाढात मात्र ती आपले मूळ रूप दाखवते.

चढत्या पाण्यात होडी केव्हा लोटावी, याचे शहाणपण माहीमच्या खाडीकाठच्या माणसांना पिढ्यान् पिढ्या शिकावे लागले आहे. खाडीत दोन पाणी भेटतात, वरून पुराचे आणि खालून भरतीचे. भरती लागली की पुराचा जोर थोपतो, पाणी आडवे पसरते आणि काठावर चढते. ओहोटी लागली की तेच साठलेले पाणी दावे तुटलेल्या गुरासारखे समुद्राकडे धावत सुटते. अशा वेळी लहान होडी खाडीत घातली, तर वल्ही कितीही मारली तरी ती थेट बाहेर समुद्रात जाते. म्हणून जाणता तांडेल आधी आभाळाकडे पाहतो आणि मग तिथी मोजतो. मुंबईच्या किनाऱ्यावर एक सोपा हिशेब चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. घड्याळ नसलेल्या माणसाने पंचांगावरून बसवलेला हा हिशेब आहे.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबईकरांच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरही पडला नाही. २१ तारखेला पौर्णिमा झाली होती, म्हणजे मध्ये पाच दिवस गेले होते. पाऊणपटीच्या हिशेबाने भरती पावणेचारच्या सुमारास यायची, आणि ती तशीच आली. दुपारी पावसाने जोर धरला आणि त्याच वेळी समुद्राने दार लावून घेतले. मिठीचे पाणी जाणार कुठे? कुर्ला, कलिना, सायन, धारावी पाण्याखाली गेले आणि महाराष्ट्रभर त्या पावसाने शेकडो माणसे गेली. पाण्याचा स्वभाव विसरलेल्या शहराला त्या एका दुपारी नदीची ओळख पटली.

आता गावच्या नदीकडे वळू. तिथे भरती-ओहोटी नसेल, पण चढत्या पाण्यात होडी लोटण्याचे नियम तेच आहेत. होडी पाण्यात घालण्याआधी काठावर एक काठी रोवून घटकाभर थांबावे. पाणी चढते आहे, थांबले आहे की उतरते आहे, हे काठीच सांगते. चढत्या पाण्याबरोबर ओंडके, बाभळीचे फांदे, कुंपणाच्या तारा, कधी मेलेले जनावरही वाहत येते. यातले एखादे होडीला आडवे लागले की खेळ आटोपला. म्हणून अगदी जिवावरची वेळ नसेल तर पाणी चढत असताना होडी घालू नये, ते स्थिरावू द्यावे.

होडी कुठून लोटायची, यालाही महत्त्व आहे. नदीच्या वळणावर बाहेरच्या काठाला धार लागते आणि आतल्या काठाला पाणी संथ राहते. होडी नेहमी संथ पाण्यात उतरवावी. फळ्यांवरून ढकलत न्यावी, नाळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवावी, आणि सर्व माणसे आत नीट बसेपर्यंत काठावरच्या दोघा-तिघांनी दोर सोडू नये. दोर हातात धरावा, कमरेला कधीही बांधू नये. मग काठाकाठाने, जिथे ओढ कमी आहे तिथून, होडी चांगली वर न्यावी आणि तेथून नाळ तिरपी धरून पाणी कापावे. प्रवाह होडीला खाली ओढत नेतोच, पण वर गेलेले अंतर त्या वेळी कामाला येते आणि होडी समोरच्या उताराला बरोबर लागते. जो समोरचे झाड पाहून सरळ निघतो, तो दोन शेते खाली जाऊन लागतो, किंवा लागतच नाही.

सर्वांत मोठा धोका होडी आडवी होण्याचा. ती धारेत आडवी झाली आणि एखाद्या झाडाला किंवा पुलाच्या खांबाला टेकली, की वरच्या अंगाची कड पाण्याखाली दबते आणि पाहता पाहता होडी भरते. दुसरा धोका माणसांचाच. पाणी आत उडाले की घाबरून सारे एका अंगाला सरकतात. म्हणून होडीत बसणाऱ्याने तळाशी बसावे, उभे राहू नये, आणि नावाडी सांगेल तेवढेच करावे. पाणी उपसायला डबा, एक जादा वल्हे, लांब दोर, एक कोयता आणि प्रत्येकाला लाईफ जॅकेट, एवढे सामान नसेल तर ती होडी पुराची नव्हे. इंजिन असले म्हणून निर्धास्त राहू नये. पंख्यात दोर किंवा फांदी अडकली की इंजिन हे नुसते ओझे होते.

हे नियम देशावरही नवे नाहीत. कृष्णा-पंचगंगेच्या काठी होडी नसेल तेव्हा गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून लोकांनी म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बाहेर काढले आहे. सांगलीला तर कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात. पाण्याशी एवढी जवळीक असलेल्या त्याच मुलुखात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरात गावकऱ्यांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि सतरा जीव गेले. त्यात बाया होत्या, लहान मुले होती. होडीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसे होती. पण हे सांगताना कुणाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. पाणी दाराशी आलेले असताना काठावर उरलेल्या माणसाला "तू थांब" म्हणणे किती कठीण असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. आई होडीत आणि मूल काठावर, अशा वेळी कोण कुणाला अडवणार? म्हणूनच ते सांगण्याचा अधिकार कुणाचा, हे पाणी येण्याच्या आधी ठरलेले असावे लागते. कोळ्यांच्या होडीवर तांडेलाचा शब्द अखेरचा असतो, मग होडीचा मालक कुणी का असेना. गावच्या होडीलाही असा एक तांडेल हवा, आणि त्याच्या 'नाही'ला पुढाऱ्यापासून पोरापर्यंत सर्वांनी मान द्यायला हवा.

जाणत्या हातांत होडी असली तर काय घडते, याचेही उदाहरण आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, तेव्हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकांवर चढवल्या आणि आत नदीकाठच्या गावांत नेऊन उतरवल्या. साडेचार हजारांवर मच्छीमार आणि साडेसहाशेहून अधिक होड्या या कामी लागल्या, आणि त्यांनी ६५ हजारांच्या घरात माणसे सुखरूप बाहेर काढली. त्यातला एक तरुण पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवून बाया होडीत चढल्या. हे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्या होड्या काही पुरासाठी बांधलेल्या नव्हत्या, पोटासाठी बांधलेल्या होत्या. पण रोज वापरातल्या असल्यामुळे त्यांचा सांधा न् सांधा त्यांच्या धन्याला ठाऊक होता. वर्षभर उपडी पडलेली होडी ऐन वेळी दगा देते. माहीमचे कोळी पावसाळ्याच्या तोंडी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा कामाला लागतात. मधल्या दिवसांत जाळी विणली जातात, फटी भरल्या जातात. होडी लोटण्याची खरी तयारी ती कोरड्यावर असतानाच होते.

आता देणगीदार मंडळींसाठी एक गोष्ट, आणि तीही याच परिसरातली. या मैदानाजवळून जो लेडी जमशेटजी रोड जातो, त्याच्या नावामागे होडीचीच कथा आहे. एके काळी माहीमहून वांद्र्याला जायचे तर होडीशिवाय मार्ग नव्हता. मधे चिखल, खाडीची ओढ आणि पावसाळ्यात वरून येणारे पाणी. होड्या उलटत, माणसे बुडत. पूल बांधावा असे सरकारच्या मनात आले, पण पैसा द्यायला कंपनी सरकार तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या आणि त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८४५ साली काम पूर्ण झाले. अवाबाईंची अट एवढीच होती की, या वाटेवरून जाणाऱ्याकडून पथकर घेऊ नये. पुढे पावणेदोनशे वर्षे लोटली. त्या वाटेवरून रोज लाखो माणसे जातात, आणि आपण एके काळच्या बुडत्या वाटेवरून कोरड्या पायांनी जात आहोत हे त्यांच्या गावीही नसते. दान असे असावे. ते कुणी केले हे विसरले गेले तरी चालते, त्याने वाचलेला जीव मात्र वाचलेलाच राहतो.

मंदिराचा जीर्णोद्धार हेही असेच दान आहे. नवे जोते उंच झाले, सभामंडप पक्का झाला. पूर आला की गोरगरीब, लेकुरवाळ्या, म्हातारी माणसे याच मंडपात आसरा घेतील. परंतु त्यांना मंडपापर्यंत आणणार कोण? म्हणून या शुभप्रसंगी एकच विनंती आहे. जीर्णोद्धाराच्या निधीतून जे काही उरेल, त्यातून गावच्या होडीची डागडुजी व्हावी. देवळाच्या एका कोपऱ्यात दोर, वल्ही, दिवा आणि लाईफ जॅकेट ठेवायला फडताळ असावे, आणि त्याची किल्ली पुजाऱ्याकडे असावी. होडीवर किती माणसे बसतील तो आकडा मोठ्या अक्षरांत रंगवावा. पोहणाऱ्या पाच-सहा तरुणांची आणि होडीच्या तांडेलाची नावे देणगीदारांच्या फलकाशेजारीच लिहावीत, कारण तीही एक प्रकारची देणगीच आहे. दरवर्षी वैशाखात, नदी आटलेली असताना, होडी एकदा पाण्यात घालून पाहावी. मुंबईची मंडळी मे महिन्यात गावी जातातच, त्यांनी त्या दिवशी हात लावावा.

देव तारतो यात शंका नाही. परंतु होडी माणसांनाच लोटावी लागते, आणि नीट लोटावी लागते. पाणी पायरीला लागेल त्या रात्री गावचा दोर मजबूत असो, होडी कोरडी असो आणि तांडेलाचा शब्द चालो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥