ट्रॅक्टर किती एचपीचा घेऊ?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. जेवणानंतर त्यावर बोलले तर अर्धा वर्ग झोपेल आणि उरलेला अर्धा मुलाच्या नोकरीचं विचारत येईल. म्हणून विषय मीच बदलून घेतला. पदवी माझी मेकॅनिकलची आहे. वीसेक वर्षं ती कपाटातच होती. यंदा गणपतीत गावी गेले आणि तिला बाहेर काढावं लागलं.

आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. माझा चुलत भाऊ यंदा ऊस वाहतुकीचा करार करतोय. दसऱ्याला ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या दारात आणायच्या, बँकेचं कर्ज जवळजवळ ठरलेलं, टोळीच्या मुकादमाला उचलही देऊन झालेली. आरतीनंतर मला म्हणाला, "अक्का, तू इंजिनियर हायस. मग सांग, पन्नास एचपीचा घेऊ का साठचा?" मी म्हटलं, "वजन किती आहे त्याचं?" तो म्हणाला, "उसाचं?" मी म्हटलं, "ट्रॅक्टरचं." शोरूममध्ये हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. मग आम्ही दोघं पत्रावळीच्या मागच्या बाजूला हिशोब करत बसलो. तोच हिशोब आज सांगते, कारण या सभागृहात निम्म्या घरांत ऊस आहे, आणि उरलेले आपण हंगामात त्या ट्रॉल्यांच्या मागून-पुढून गाड्या चालवतो.

समजा, ट्रॅक्टर अडीच टनांचा आहे. मागच्या दोन ट्रॉल्या उसासकट वीस टन. आपल्या रस्त्यांवर हे काही विशेष नाही, याहून जास्तही दिसतं. चढ आहे वीसला एक, म्हणजे वीस मीटर गेल्यावर एक मीटर वर. हे सगळं ओढायला साधारण एक टन सहाशे किलोंचा जोर लागतो. एक टन सव्वाशे किलोंच्या आसपास चढासाठी, बाकी चाकांच्या घरंगळण्याला. ताशी पाच किलोमीटरनं चढायचं तर त्याला तीसेक एचपी पुरतात. म्हणजे पन्नासच्या इंजिनाला हा चढ जड नाही. साठचं घेतलं तर तोच चढ थोडा लवकर चढेल, एवढाच फरक.

मग अडतं कुठं? चाकांत. आपल्या विज्ञानाच्या बाई समोरच बसल्यात. बाई, तुम्ही नववीत टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून त्याला स्प्रिंगचा काटा लावून ओढायला लावलं होतं, आणि ठोकळ्यावर वजनं वाढवत गेलात तसा काटा पुढे सरकत गेला. ट्रॅक्टरचं तेच. मागच्या चाकांवर जेवढा भार, त्याच्या एका ठरावीक हिश्श्याएवढाच जोर रस्त्याला लागतो. ओढताना पुढचा थोडा भार मागे येतो, तो धरून मागच्या चाकांवर दोन टनांच्या आत-बाहेर. कोरड्या डांबरावर त्यातून सव्वा ते दीड टनांचा जोर मिळेल, आणि आपल्याला हवेत एक टन सहाशे. इंजिन कितीही एचपीचं लावा, चाक जागेवर फिरणार. चाकानं चुकून पकड घेतलीच, तर ड्रायव्हरनं झटक्यात क्लच सोडला की पुढची दोन चाकं वर.

हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलायला लागलं की दोन पोरं उड्या मारून बॉनेटवर बसतात, किंवा पुढे दगडांची पोती बांधलेली असतात. पुढच्या चाकांवर भार नाही म्हणजे स्टिअरिंग नुसतं नावाला. बॉनेटवर बसलेला पोरगा हा काही सुटा भाग नव्हे हो. पुढे लावायची लोखंडी वजनं मिळतात, मागच्या टायरमध्ये पाणी भरता येतं. एकाच एचपीत जड ट्रॅक्टर मिळत असेल तर तो घ्यावा, आणि परवडत असेल तर चारही चाकं ओढणारा. शोरूममधला माणूस एचपी सांगेल, डिझेल सांगेल, हप्ता सांगेल. वजन आपणच विचारायचं.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. फडातून भरलेली ट्रॉली निघत नाही तेव्हा दुसरा ट्रॅक्टर आणून टोचन लावतात. हा शब्द इंग्रजी 'टो चेन'वरून आला असावा, पण आता तो आपलाच आहे. मऊ रानात ओढायला डांबराच्या चार-पाच पट जोर लागतो, म्हणून टोचन लागणारच. पण साखळी ट्रॅक्टरच्या मागे खाली, ड्रॉबारलाच अडकवायची. वरच्या लिंकला किंवा ॲक्सलच्या वर कुठंही अडकवली तर साखळी ताणल्यावर ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उलटा फिरतो आणि ड्रायव्हरच्या अंगावर येतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

इथपर्यंत भाऊ माना डोलवत होता. मग मी पत्रावळ उलटी केली आणि उतार मांडला.

ओढण्याचा विचार सगळे करतात, थांबवण्याचा फारसा कुणी करत नाही. नेहमीच्या ट्रॅक्टरला ब्रेक असतो तो फक्त मागच्या चाकांना. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे साडेबावीस टन थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी. मोकळा ट्रॅक्टर ताशी वीसच्या वेगात असेल तर ब्रेक दाबल्यावर साधारण चार मीटरमध्ये थांबतो. तोच भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन सपाट रस्त्यावर पंचविसेक मीटर घेतो. आणि वीसला एक उतारावर? जवळजवळ शंभर मीटर. हा कागदावरचा हिशोब आहे, तोही कोरड्या रस्त्याचा, चांगल्या टायरचा आणि ब्रेक जागेवर असल्याचा. वेग वीसचा चाळीस झाला तर अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

भाऊ म्हणाला, "उताराला आम्ही गिअरमध्येच उतरवतो की." बरोबरच करतात. त्यानं ब्रेक तापत नाहीत. पण इंजिनही रोखतं ते त्याच दोन चाकांतून. पकड संपली की गिअर काय नि ब्रेक काय. मागच्या ट्रॉल्या ढकलत राहतात, ट्रॅक्टर आडवा होतो आणि पहिली ट्रॉली त्याच्यावर चढते. त्यातच ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, शेतात वळायला सोपं जावं म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिटीनं जोडायची असतात. गावातले पाच ट्रॅक्टर मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन बघितले. तिघांची खिटी सुटलेली होती. एकाची तर नव्हतीच.

मी काही वर्षं अमेरिकेत प्रोजेक्टवर होते. तिथं लोक सुट्टीत गाडीच्या मागे अख्खं घर जोडून हिंडायला जातात. पलंग, शेगडी, न्हाणीघर, सगळं त्या ट्रेलरमध्ये. माझ्या ऑफिसात एकानं तसला ट्रेलर घ्यायचं काढलं आणि महिनाभर डब्याच्या वेळी दुसरा विषय नाही. गाडीच्या हुकावर ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा, कमी आला तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो, जास्त आला तर गाडीचं तोंड उचलतं. हे सगळं तो तक्त्यात मांडून बसायचा. तेव्हा मला हसू यायचं. तिथल्या बऱ्याच राज्यांत तीन हजार पौंडांच्या वर, म्हणजे साधारण एक टन साडेतीनशे किलोंच्या वर ट्रेलर गेला की त्याला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. सुट्टीच्या सामानाला ब्रेक, आणि आपल्या दहा-दहा टन उसाला दोन लोखंडी पिना.

आता कुणी म्हणेल, पुण्यात बसून हे बोलायला काय जातंय. वाहतुकीचा दर टनावर मिळतो. खेप उशिरा सुटते, वजनकाट्यावर रात्र जाते, गव्हाणीपर्यंत रांग हलत नाही. टोळी मध्येच निघून गेली तर उचल बुडाली. अशा माणसाला दोन मोळ्या कमी भर म्हणणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून भावाला मी भरायचं कमी कर असं पहिल्यांदा म्हटलंच नाही. मी म्हटलं, दहा एचपी जास्तीचे जे पैसे घालणार आहेस, ते दोन्ही ट्रॉल्यांच्या ब्रेकला घाल. ट्रॉली पुढे ढकलली की दांडा आत सरकून आपोआप लागणारा ब्रेक असतो, ट्रॅक्टरवरून हवेच्या किंवा तेलाच्या दाबानं लावायचाही असतो. दोन ट्रॉल्यांच्या मांडणीला दुसरा जास्त बरा, कारण तो ड्रायव्हरच्या पायाखाली राहतो. ट्रॉलीच्या चाकांवर सगळ्या उसाचा भार असतो, म्हणजे पकड तिथंच सगळ्यात जास्त. ती आपण फुकट घालवतो. आणि भरायचं किती, ते घाट चढतो का यावर नको, उतार थांबून उतरतो का यावर ठरव.

तो लगेच हो म्हणाला नाही. ब्रेक बसवणारा मिळायला हवा, मध्येच बिघडला तर हंगामात दुरुस्त करणारा हवा, हे त्याचं म्हणणं रास्त होतं.

तेवढ्यासाठीच मी आज माईक घेतलाय. आपल्या वर्गातल्या तिघांचे उद्यमनगरात वर्कशॉप आहेत. काल रात्री जेवताना त्यांच्याशी बोलणं झालं. एकानं ट्रॉलीचा सांगाडा बघितल्याशिवाय किंमत सांगणार नाही म्हटलंय, आणि ते बरोबरच आहे. बुधवारी सकाळी भाऊ एक जुनी ट्रॉली घेऊन त्याच्या शेडवर जातोय, मीही थांबणार आहे. ज्यांच्या घरी वाहतूक आहे त्यांनी आपापले ड्रायव्हर पाठवा, मालक नाही आले तरी चालेल.

दुसरं, बॅचच्या निधीचं. शाळेला देऊन जे उरेल त्यातून परावर्तक पट्ट्या घ्याव्यात असं मी सुचवते. वाढं मागे लोंबत असतं, त्यानं ट्रॉलीचा मागचा दिवा झाकला जातो, आणि रात्री बंद पडलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नाही. पट्टी मागे लावायचीच, पण दोन्ही बाजूंनाही लावायची, वाढं पोचणार नाही इतकी खाली. शाळेत असताना आपण बावड्याच्या रस्त्याला चालत्या गाडीतून ऊस ओढायचो, ते अंतर आठवा. तेवढ्या अंतरावरून दिसून उपयोग नाही.

पट्ट्या चिकटवायला माणसं लागतील. ज्यांना हंगामाच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी दोन तास काढता येतील, त्यांनी चहाच्या टेबलाजवळच्या वहीत नाव आणि तालुका लिहावा. करवीर आणि पन्हाळ्याची नावं आलीत. कागल, हातकणंगले आणि शिरोळची अजून कोरी आहेत.